स्टेपनी कोणी सरकवली?

मी हिंगण्याच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. म्हणजे कामच असं, की काहीही झालं तरी कारण शोधायचं अन् रिपोर्टात लिहायचं. "साहेब, आपोआप झालं" असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. घरी भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा टाकायला जातो. या सदरातले अनुभवही मी वाचायचो ते चुका काढायला... आज स्वतःच लिहायला बसलोय, याची खरं तर लाजच वाटते.

गेल्या हिवाळ्यातला रविवार, सकाळचे अकरा वाजले असतील. खाप्याला मामाच्या नव्या घराची वास्तुशांती होती. जीपमध्ये मी, बायको संध्या आणि धाकटा भाऊ प्रशांत. प्रशांत नागपूरच्या मिहानमध्ये नोकरीला आहे. त्याच्या बायकोला सातवा महिना लागलेला, म्हणून ती घरीच थांबली. माझी जीप जुनी, फोर बाय फोर, अन् तिचा मला भारी माज. चांगला डांबरी रस्ता सोडून मी संत्र्याच्या बागांमधल्या पांदणीत, बैलगाडीच्या कच्च्या वाटेत, गाडी घातली. संध्या नको नको म्हणत होती. पण मी ऐकतो कुठे? खापा चार-पाच किलोमीटर राहिलं असेल, तेवढ्यात मागचं डावं चाक पंक्चर होऊन बसलं.

मग मी सुरू झालो. हँडब्रेक, गिअर, पुढच्या चाकांना दगड. चाक जमिनीवर असतानाच नट ढिले केले. काळी माती म्हणून जॅकखाली जाड फळी. प्रशांतला प्रत्येक गोष्टीचं कारणही सांगून राहिलो होतो, तो बिचारा हो हो करत होता. आमच्या बाजूला काळी माती वरून दगडासारखी वाळते आणि खाली ओलीच असते. बागेला नुकतंच पाणी दिलेलं असावं. ते मला नंतर सुचलं.

एक गोष्ट मात्र मी केली नाही. चाक काढायच्या आधी स्टेपनी गाडीच्या चेसिसखाली आडवी सरकवून ठेवायची असते, म्हणजे जॅक सटकलाच तर गाडी टायरवर बसते, माणसावर नाही. हे मी कामगारांना इतक्यांदा सांगितलंय, की ते माझी नक्कल करतात. त्या दिवशी स्टेपनी बाभळीच्या सावलीत आडवी पडली होती, गाडीपासून सहा-सात पावलांवर. संध्यानं तिच्यावर जेवणाचा डबा ठेवला आणि ती बागेतल्या विहिरीवर पाणी आणायला गेली. म्हटलं, दोन मिनिटांचं तर काम आहे.

चाक काढलं तर आत ब्रेकच्या पाइपाजवळ बाभळीची काटेरी फांदी अडकलेली. माझं पोट सुटलंय, प्रशांत सडपातळ. त्यानं एकदा जॅककडे पाहिलं. मी म्हटलं, "घुस खाली. मी आहे ना गा."

तो घुसला. तेवढ्यात कारखान्यातून फोन आला — कोणाला उंचावर काम करायचं होतं, परमिट द्यायचं की नाही. रेंज धड नव्हती, म्हणून मी बोलत बोलत बांधापर्यंत गेलो. गाडीकडे पाठ होती. मी फोनवर सांगत होतो, की खाली माणूस उभा असल्याशिवाय परवानगी देऊ नका. हो, अगदी हेच सांगत होतो.

मागे धप्पकन आवाज झाला.

वळून पाहिलं तर जीप एका अंगावर खाली आलेली, बाहेर फक्त प्रशांतचे पाय. मला हाकही मारता येईना. मग ते पाय हलले. कोपरं खरचटलेली, तोंड मातीनं भरलेलं, पण तो सरपटत बाहेर आला. जीप स्टेपनीवर टेकली होती. स्टेपनी चेसिसखाली, जिथे असायला पाहिजे बरोब्बर तिथे. डबा बाभळीखाली जमिनीवर नीट ठेवलेला, झाकण लागलेलं.

प्रशांतनं मला मिठी मारली. मी त्याच्या पाठीवरची माती झटकत राहिलो. संध्या धावत आली, आसपास दुसरं कोणी नव्हतं. नंतर ती म्हणाली, तुम्हीच सरकवली असेल, घाबरून विसरले असाल. मलाही तसंच वाटायला पाहिजे होतं. पण फोनवरच्या माणसानं तो आवाज ऐकला होता, आणि तोवर मी एकसारखा बोलत होतो, असं तो सांगतो. एवढी जड स्टेपनी एका हातानं सरकत नाही.

पुढे प्रशांतला मुलगी झाली. बारशाला त्यानं तिला माझ्या मांडीवर दिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, हे मोठे बाबा, यांच्यामुळे तुझे बाबा आहेत. बायका डोळे पुसायला लागल्या. मला तिथून पळून जावंसं वाटलं. जेवणं झाल्यावर त्याला गच्चीवर नेलं आणि सांगून टाकलं, ती स्टेपनी मी सरकवली नाही.

तो हसला. "काहून मजाक करतो, दादा? म्या खालून पाहिलं ना. तुह्ये दोन्ही हात दिसले मले. बाह्या वर केल्या होत्या तू."

मी त्या दिवशी अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टात होतो. तसं म्हणालो तर त्याचं हसू थांबलं.

ते हात कोणाचे, हे मला माहीत नाही. त्या पांदणीत मी दोनदा जाऊन आलो. तिथे कोणाची समाधी नाही, कधी अपघात झाल्याचंही कोणी सांगत नाही. बागवाल्यानं मला संत्री दिली, बाकी काही नाही. रिपोर्ट लिहायला बसलो तर कारणाचा रकाना कोराच राहील.

प्रशांतला मात्र हातांचं पडलं नव्हतं. तो कठड्याला टेकला. मग त्यानं विचारलं, "मंग तू कुठं होता, दादा?"

"फोनवर," मी म्हटलं.

खाली पोरगी रडायला लागली, तसा तो जिना उतरून गेला.