पंधरा इंची चाकं

माझ्या यजमानांची सगळी नोकरी रेल्वेच्या डब्यांची चाकं तपासण्यात गेली. सुरुवात भुसावळला, शेवट जयपूरला. असा माणूस निवृत्तीनंतर नुसत्या शोभेसाठी गाडीला सतरा इंची अलॉय चाकं बसवून घेईल, असं मला वाटलं नव्हतं. कंपनीची पंधरा इंची लोखंडी चाकं ह्यांनी जयपूरच्याच सोडाला भागातल्या टायरवाल्याला देऊन टाकली आणि काळ्या चकचकीत चाकांवर गाडी मानसरोवरच्या आमच्या गल्लीत आणून उभी केली.

"आयुष्यभर कामाची चाकं बघितली," म्हणाले. "आता जरा दिसायची बघू."

गाडी खरंच छान दिसायची. हे रोज सकाळी फडकं घेऊन खाली उतरायचे. शेजारचे लोक थांबून चौकशी करायचे आणि हे हिंदीत सविस्तर उत्तरं द्यायचे.

पुढच्याच हिवाळ्यात पाठदुखीचं निमित्त झालं. कुणी म्हणालं गादी बदला, कुणी म्हणालं व्हिटॅमिन कमी असेल. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की प्रोस्टेटचा कॅन्सर आहे आणि तो मणक्यांपर्यंत पोचला आहे. डॉक्टरांनी रेडिएशनचा शेक घ्यायला सांगितलं. मुलगी परदेशात, तिचं बाळंतपण तोंडावर आलेलं. तेव्हा ह्यांना दवाखान्यात न्यायचं आणि आणायचं काम माझ्याकडे आलं. लायसन्स माझ्याकडे होतं, पण मी भाजी आणण्यापलीकडे गाडी फारशी चालवली नव्हती.

हे पुढच्या सीटवर बसायचे. सीट मागे झुकवलेली, कमरेखाली उशी. स्पीडब्रेकर दिसला की हात आपोआप दारावरच्या कडीकडे जायचा आणि ओठ घट्ट मिटायचे. आमच्या कॉलनीतच किती स्पीडब्रेकर आहेत, हे मला तेव्हा कळलं. ज्याला वाटेल त्याने घरासमोर एक घालून ठेवलेला. मला वाटायचं, माझाच पाय ब्रेकवर नीट बसत नाही. मी आणखी हळू जाऊ लागले. मागचे लोक हॉर्न वाजवायचे, काही शिव्या देऊन पुढे जायचे.

एकदा दवाखान्यातून परतताना रस्त्यात एक खड्डा होता, तो मला दिसला नाही. ह्यांच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. इतक्या वर्षांच्या संसारात तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी मेट्रोच्या खांबाजवळ गाडी कडेला घेतली. जानेवारीची थंडी होती आणि ह्यांची मान घामाने भिजली होती.

बऱ्याच वेळाने मी म्हटलं, "अहो, ही चाकं काढून टाकू या का?"

"चाकांचं काय?" हे म्हणाले. "हाडं माझी सडलीत."

मी पुन्हा विषय काढला नाही. पण त्यानंतर गाडी काढताना मला त्या चाकांकडे बघवत नसे. फडकं मारायला कोणी उरलं नव्हतं. काळ्या रंगावर जयपूरची धूळ बसून ती राखेसारखी दिसायची.

मग एका दुपारी ह्यांनीच बिछान्यातून हाक मारली. खाली जाऊन टायरवर काय लिहिलंय ते वाचून यायला सांगितलं. मी वाचून आले: दोनशे पाच, पंचेचाळीस, सतरा.

"दोनशे पाच मिलिमीटर ही रुंदी," हे म्हणाले. "पंचेचाळीस म्हणजे टायरची उंची त्या रुंदीच्या पंचेचाळीस टक्के. रस्ता आणि माझी पाठ यांच्या मधे तेवढंच रबर आहे, तेवढीच हवा."

पूर्वी खात्यात नवीन आलेल्यांना शिकवताना असायचा तसा आवाज लागला होता. टायर जाड हवा तर रिम लहान घ्यायचा, पण चाकाचा बाहेरचा घेर होता तेवढाच ठेवायचा, नाहीतर स्पीडोमीटर खोटा वेग दाखवतो, असं सगळं ह्यांनी समजावलं. मी विचारलं, मग चौदाच घेऊ या का, आणखी मऊ होईल. तर म्हणाले, चौदाच्या रिममध्ये आपल्या गाडीचा पुढचा ब्रेक मावणार नाही. पंधराच घे. एकशे पंच्याऐंशी, पासष्ट, पंधरा. माझ्याकडून ते दोनदा म्हणवून घेतलं.

मी दाराशी पोचले तेव्हा म्हणाले, "आणि अलॉयच आण. लोखंडी नको. मी अजून मेलो नाही."

सोडाल्याच्या दुकानदाराने गाडीवरून मला ओळखलं. सोळा इंची घ्या, दिसायलाही बरी राहतील, असं त्याचं म्हणणं. मी पाठ केलेले आकडे सांगितले. त्याने अंकलजी का आले नाहीत म्हणून विचारलं. मी आजारी आहेत एवढंच सांगितलं. जुनी चाकं डिकीत ठेवू का, असं त्याने विचारलं तेव्हा मी नको म्हटलं.

घरी आल्यावर ह्यांचा पहिला प्रश्न तोच होता. "सतराची कुठायत?"

"तिथंच दिली."

"बरं केलंस," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

दुसऱ्या दिवशी कॉलनीतला पहिला स्पीडब्रेकर आला. गाडी सावकाश वर चढली आणि सावकाश खाली बसली. ह्यांचा हात मांडीवरच होता. दुखलं नाही असं नव्हे, पण तो आवाज आला नाही. "साइज बरोबर बसली," एवढंच म्हणाले. परतताना ह्यांना झोप लागली. टोंक रोडच्या सिग्नलवर मी वाकून ह्यांची छाती हलते आहे ना, ते पाहिलं.

अशा फेऱ्या थोड्याच झाल्या. शेक संपला, दुखणं जरा उतरलं आणि नंतर पूर्वीपेक्षा जास्त वाढलं. मग बसणंच बंद झालं. शेवटी दवाखान्यात हलवायचं ठरलं तेव्हा ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली. ती एक जुनी व्हॅन होती. प्रत्येक स्पीडब्रेकरवर आतलं स्ट्रेचर उडायचं. ड्रायव्हरला मी भैया, धीरे, भैया, धीरे म्हणत राहिले आणि दोन्ही हातांनी ह्यांचे खांदे धरून ठेवले. आमची गाडी खाली फाटकाशी उभी होती, पण तिच्यात ह्यांना आडवं ठेवता येण्यासारखं नव्हतं.

त्याच आठवड्यात हे गेले.

भुसावळहून दीर आणि जाऊबाई आले. त्यांना आणायला स्टेशनवर मीच गेले. येताना मागच्या सीटवर दोघांचं रडणं चालू होतं, मधेच प्रवासाबद्दल बोलणंही. आमची कॉलनी आली. एकाही स्पीडब्रेकरला मी ब्रेक दाबला नाही. गाडी उठत होती, बसत होती. मागे कुणाला काही जाणवलं नाही.