तूरडाळीच्या पोत्याला कुलूप

आज डोकं जाम सरकलंय, मंडळी.

बाबांना घेऊन ताईकडे चाललोय. मुंबईत गाडी बदलायला चार तास होते. बाबांनी समुद्र कधीच पाहिलेला नाही. अमरावतीपासून त्यांचं एकच, "मले समुद्र दाखवजो."

सोबत ताईसाठी तूरडाळीचं पोतं, सुतळीनं शिवलेलं. क्लोकरूमवाला म्हणाला, "कुलूप नसलेलं सामान ठेवत नाही."

"पोत्याले कुलूप कुठी लावू, भाऊ?" मी विचारलं.

त्यानं मानही वर न करता मागच्याची बॅग घेतली.

बाबा पोत्यावर बसले. "तू पाहून ये. मी डाळीपाशी थांबतो."

आणि मी गाढव, गेलो! व्हिडिओ काढून आणला. बाबांनी तो दोनदा पाहिला. म्हणाले, "वास कसा येते रे त्याचा?"

आता गाडी सुटल्यावर सुचतंय, पोतं टॅक्सीत टाकून नेता आलं असतं. क्लोकरूमवाल्याला शिव्या घालून झाल्या. माझ्या वाट्याच्या तुम्ही घाला.