मीनलची गाठ

माझ्या पोटात गोष्ट टिकत नाही, हे आमच्या अख्ख्या वस्तीला ठाऊक आहे. लग्न असो, तेरवी असो — खुर्ची ओढायची, चहा मागवायचा आणि सुरू. लोक हसतात, मी फुलतो. पण एक गोष्ट टिकली. बायकोलाही सांगितली नाही. तुम्हाला सांगतो — आत्ताच का, ते मलाही नीट कळलेलं नाही.

आमच्या दादाच्या घरी समुद्र होता. हसा, हसा! नागपुरातून चारही दिशांना निघा, समुद्र काही लवकर सापडायचा नाही. पण दादाच्या बैठकीत होता — काचेची टाकी, खारं पाणी आणि पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे. नोकरीसाठी पुण्याला जाताना त्याची लेक मीनल ठेवून गेली होती. वहिनी वारल्यापासून बापलेकीला बोलायला विषय उरला नव्हता. मासे आले, विषय आला. रोज संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. दादा फोन काचेपाशी धरायचा आणि म्हणायचा, "पाहुणे जेवले." मग पाहुण्यांच्या आडून दोघं बरंच काही बोलायची.

आता आमचा मे महिना. खारं पाणी तापलं की मासे गेलेच. म्हणून मीनलने टाकीच्या काठाला एक छोटा पंखा सुताने बांधला होता, वारा थेट पाण्यावर. वाऱ्याने थोडं पाणी वाफ होऊन उडतं, उरलेलं थंड राहतं. उडालं तेवढं गोडं पाणी दादा वरून घालायचा, कारण मीठ काही उडत नाही. पंखा आणि हवेचा पंप, दोन्ही इन्व्हर्टरवर.

आणि गाठ? गाठ आमच्या घरची. आम्ही मूळचे उमरेडचे विणकर. माग केव्हाच गेला, गाठ राहिली — तुटलेला धागा जोडायची, ज्वारीच्या दाण्याएवढी, ओढाल तेवढी घट्ट होणारी. दादाने ती मीनलला लहानपणीच शिकवली होती. गाठीचाच विषय का घेऊन बसलो? येतो — तिथेच येतो.

दादा काटोलला एका तेरवीला निघाला, चावी माझ्याकडे. जाताना म्हणाला, "लाइन गेली तर कूलर इन्व्हर्टरवर लावू नको गा. टाकी न् कूलर, दोन्हीचा लोड झेपत नाही त्याले."

मी त्या दुपारी मित्र जमवले. मोकळं घर, मोठा कूलर, रागावणारं कुणी नाही! खापा गावच्या लग्नातला पळालेला नवरदेव सांगत होतो, अगदी रंगात — आणि लाइन गेली. कूलर थांबला. मंडळी चुळबुळली. "चलतो गा, जीव जाऊन राहिला," म्हणत एक जण उठला.

उठला? माझी गोष्ट अर्धी टाकून? मी टाकीचा प्लग काढला आणि कूलरचा लावला. मनाशी म्हटलं, कूलरची हवा टाकीलाही लागेलच की. खोटं. कूलरचं तोंड माझ्याकडे होतं.

गोष्टीतला नवरदेव सापडला. मग मी आणखी एक गोष्ट काढली. लोक पोट धरून हसत होते आणि टाकी माझ्या पाठीमागे होती.

मंडळी गेल्यावर वळलो. पाणी आंघोळीच्या पाण्यासारखं. एक मासा आडवा तरंगत होता. दुसरा वर येऊन तोंड उघडत होता, मिटत होता. मी प्लग परत लावला आणि उभा राहिलो. थोड्या वेळाने तोही थांबला.

इथवर चूक म्हणा. पुढच्याला काय म्हणाल?

मी मीनलची गाठ सोडली. ती आपण होऊन सुटत नाही — पण मीही विणकराचाच पोरगा. कुठून रेटली की सैल पडते, हे माझ्या बोटांना ठाऊक. आधी नखांनी, मग दातांनी. सूत खारट लागलं. पंखा टाकीमागे पाडला, तोंड भिंतीकडे करून.

दादा आला. सुताचं टोक दोन बोटांत धरून बराच वेळ पाहिलं. तुटलेलं नव्हतं, सुटलेलं होतं. "गाठ सुटली, दादा," मी म्हटलं. संध्याकाळी मीनलचा फोन आला, तेव्हा मी शेजारीच बसलो होतो.

"विणकराची पोरगी ना वं तू?" दादा तिला म्हणाला. "एक गाठ नाही टिकली तुझी?"

माझ्या एका वाक्याचं काम होतं — ज्याच्याकडे वाक्यांचा कधी तोटा नाही, त्याच्या. मी चहा पीत राहिलो.

फोन आधी दिवसाआड झाले, मग सणावारी. टाकीत आता दादा कांदे ठेवतो.

आणि मी? मी त्याचीही गोष्ट केली! मैफलीत उभा राहून पडणारा पंखा करून दाखवायचो. पोरीची गाठ सुटली न् नागपूरचा समुद्र आटला! हमखास टाळी. मीनलच्या देखतसुद्धा केली एकदा.

गेल्या उन्हाळ्यात ती घरच्या लग्नाला आली होती. आहेराची पिशवी बांधत होती. गाठ मारली — तीच, दाण्याएवढी, बापाने शिकवली तशी. मग तिच्यावर दुसरी मारली. मग तिसरी. मी पाहतोय हे तिच्या लक्षात आलं.

"हसू नका हं काका," ती म्हणाली. "माझ्या हातची टिकत नाही ना."

चारचौघं बसली होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसलो.