आमचे घरमालक आणि हुजूर

मांजर पाळू नये, हे आमच्या लातूरच्या घरमालकांइतक्या पोटतिडकीनं सांगणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. आणि ते सांगत असताना त्यांच्या मांडीवर मांजर नाही, असंही मी कधी पाहिलं नाही. दारात भाजीवाली येवो, पोस्टमन येवो, नाहीतर मतदार यादी घेऊन आलेला मास्तर येवो, मामा त्याला आधी ओट्यावर बसवत. सारी गल्ली त्यांना मामाच म्हणायची. मग मांजराच्या गळ्याखाली एका बोटानं खाजवत ते म्हणत, "एक सांगतो, ध्यानात ठेव. बैल पाळ, शेळी पाळ, पाळायचा तर घरजावई पाळ. मांजर पाळू नको." पुढं कारणं सुरू व्हायची. ती कारणं इतकी होती, की पोस्टमन बिचारा आमच्या गल्लीचं टपाल सगळ्यात शेवटी ठेवायला शिकला होता.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. उस्मानाबादेहून फायली ट्रकनं आल्या आणि त्यांच्या मागोमाग आम्ही कारकून आलो. फायलींची सोय एका किराणा गोदामात झाली, कारकुनांची कुठंच होईना. मी मुखेडकडच्या खेड्यातला, घरातला पहिला सरकारी नोकर. खोली आहे का विचारलं की लोक "आहे की" म्हणत, आणि आडनाव सांगितलं की तीच खोली कालच कुणाला तरी दिलेली निघे. अशा कालच दिलेल्या नऊ खोल्या पाहून झाल्यावर दहाव्या दाराशी मी कंटाळून नमस्काराच्या आधी आडनावच सांगून टाकलं. मामांनी ते माशी हाकलावी तसं हाकललं. "ते ऱ्हाऊ दे. मांजराचं वावडं न्हाई ना तुला?" मी नाही म्हणालो. हे साफ खोटं होतं. आमच्या घरी मांजर दिसलं की आई आधी फुंकणी शोधायची. मामांनी मांडीवरचं मांजर उचलून माझ्या पायाशी ठेवलं. त्यानं माझ्या चपला हुंगल्या, पिशवी हुंगली आणि पिशवीवरच अंग टाकलं. "हुजूर बसल्या," मामा म्हणाले. "ऱ्हा इथं."

त्या मांजरीचं नाव हुजूर. जिल्हा झाला त्या दिवशी गंजगोलाईत फटाक्यांच्या माळा लागल्या, त्या आवाजाला भिऊन एक पिल्लू खिडकीतून उडालं ते मामांच्या पिठाच्या परातीत पडलं. परातीतून ते असं पांढरंशुभ्र आणि रागावलेलं बाहेर आलं, की निजामाच्या अमदानीत वाढलेल्या मामांच्या तोंडून आपोआप "या हुजूर" निघून गेलं. मामा जगातल्या यच्चयावत माणसांना, आमच्या कार्यालयातल्या मोठ्या साहेबांनासुद्धा, अरे-तुरे करत. आदरार्थी बोलत ते फक्त हुजूरशी. औशाकडच्या गुरांच्या दवाखान्यात तीस वर्षं मलमपट्टी करून ते निवृत्त झाले होते. मामी वारल्या होत्या, मुलगा पुण्यात होता. तीस वर्षं गुरांत गेल्यामुळं माणसालाही ते त्याच नजरेनं तपासत. एकदा मला ताप आला, तर त्यांनी नाडी बघितलीच नाही, दोन्ही कान चाचपले आणि म्हणाले, "वासराचं माप पुरे तुला." मग ओव्याचा कसलासा काढा गुरांना पाजायच्या बांबूच्या नळीऐवजी, माझ्या विनंतीला मान देऊन, पेल्यातून दिला. सकाळी उठलो तर उशाशी बसून विचारतात, "रवंथ सुरू झालं का?" म्हणजे भूक लागली का.

मांजराच्या तोट्यांची मामांची यादी ऐकताना पहिल्या महिन्यात मला ती अतिशयोक्ती वाटली. दुसऱ्या महिन्यापासून मी तिच्यात भर घालू शकत होतो. पिठल्यात केस, उशीवर केस, इस्त्रीच्या सदऱ्यावर तर असे केस की कार्यालयात मला स्वेटर घातला का म्हणून विचारत. हुजूर माझ्यावर प्रसन्न झाली की बुटात उंदीर आणून ठेवी, आणि ही प्रसन्नता मला पाय घातल्यावर कळे. एकदा मी टंचाई शाखेतली टँकर लागणाऱ्या गावांची यादी घरी बसून नीट उतरवून काढली. हुजूर ओल्या पायांनी तिच्यावरून शांतपणे चालत गेली, अडीच गावं पुसली आणि सहीच्या जागी एक पंजा उमटवला. साहेबांनी कागद उजेडाला धरून पाहिला. "ही सही कुणाची म्हणायची?" मी कागदावरचा एक केस झटकला. ते म्हणाले, "तुमच्यापेक्षा बरी आहे. पण यादी पुन्हा लिहा." संध्याकाळी हे मामांना सांगितलं तर त्यांनी मांडी थोपटली. "सांगत नव्हतो मी? मांजर पाळू नये."

"मी कुठं पाळलंय? तुम्ही पाळलंय."

"मी तर फसून बसलोय," मामा म्हणाले आणि हुजूरच्या बाजूनं जरा सरकून बसले, कारण तिला पाय लांब करायचे होते.

त्यानंतर दुष्काळ पडला. दोन वर्षं पाऊस नावाला आला. आडांचे तळ दिसायला लागले, गल्लीत टँकर एक दिवसाआड सकाळी यायचा, आणि हंडे-घागरींची रांग त्याच्या आधी तासभर लागायची. माणसं भांडी राखेनं पुसून ठेवत, आणि हुजूरला शिळं पाणी चालत नसे. नुकत्याच भरून आणलेल्या हंड्याच्या काठावर पुढचे दोन पाय रोवून ती डोकं आत घाली. मामा कपाळावर हात मारत आणि तिचं पिऊन होईपर्यंत हंडा पडू नये म्हणून धरून उभे राहत.

अशाच एका सकाळी रांगेत माझी घागर समोरच्या वहिनींच्या भरलेल्या हंड्याला लागली. वहिनींनी माझ्याकडं पाहिलं नाही, हंडा उचलला आणि सगळं पाणी लिंबाच्या बुडाशी ओतून टाकलं. त्या दिवसांत, तेवढं पाणी. मी घागर घेऊन उभा होतो आणि आता ती भरावी की परत न्यावी, एवढंच मला सुचत नव्हतं. मामा ओट्यावरून हुजूरला काखेत घेऊन खाली उतरले.

"वहिनी, काल हुजूरनी तुझ्या दुधात तोंड घातलं. ते दूध कुठं वतलं?"

"वतायचं कशाला, तापवून घेतलं," वहिनी म्हणाल्या.

"आन् परवाचं दही?"

"मुक्या जनावराला काय कळतंय, मामा."

"न्हाई ना कळत. सकाळी उकिरड्यावर होत्या, तिथून गटारीकडं, तिथून तुझ्या चुलीपाशी. त्यांचं चाललं. हे पोरगं तांब्याभर पाण्यात आंगूळ करून आलंय." मामांचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. परत फिरता फिरता ते रांगेला उद्देशून म्हणाले, "मांजर पाळायचा हा बी एक तोटा. कुणाच्या घरात काय चालतंय, समदं ठावं होतंय." रांगेत कुणीतरी फसकन हसलं. वहिनी रिकामा हंडा घेऊन आत गेल्या. मी घागर भरली. पुढच्या टँकरला त्यांचा हंडा माझ्या घागरीमागं हातभर अंतरावर होता, त्याच्या पुढच्या वेळी वीतभर.

त्याच उन्हाळ्यात मला बघायला हिमायतनगरहून मुलीचे आईवडील आले. वडील शाळेत मास्तर, बोलायला मोजके. "जयभीम" झाला, चुरमुऱ्यांची सुशीला खाऊन झाली, आणि मी चहा टाकायला आत गेलो तशी मास्तरांनी मामांना हळूच विचारलं, "पोरगं कसं हाय? तुमच्याच घरात राहतंय, खरं काय ते सांगा." पत्र्याच्या भिंतीतून मला सगळं ऐकू येत होतं. मामांना उजव्या कानानं कमी ऐकू यायचं आणि मास्तर बसले होते उजवीकडं. शिवाय हुजूर मांडीवर होती. 'कसं हाय' आणि 'घरात राहतंय' एवढंच पोचलं असावं.

"खरं सांगू?" मामा म्हणाले. "फसू नका. दिसायला गरीब दिसतंय. दिवसभर झोपा काढतंय."

"हापिसात?"

"हापिसात कशाला, माझ्या अंथरुणावर. भाकरीला तोंड लावत न्हाई, आन् मटणाचा वास आला की साऱ्या गल्लीत हिंडतंय. समोरच्या वहिनीच्या सैपाकघरात तर दिवसातनं चार खेपा."

आधण उतू चाललं होतं आणि मी भिंतीला कान लावून होतो. मास्तरांचा आवाज पार खोल गेला होता. "वहिनी काही म्हणत न्हाईत?"

"ती लाटणं फेकून मारती. ह्याला लाज कुठं हाय? आन् दर सालाला पोरं. मागल्या खेपेला चार झाली, ती बी ट्रंकेत."

मग सासूबाई, म्हणजे तेव्हा अजून झाल्या नव्हत्या, पदर सावरून म्हणाल्या, "झाली म्हंजी? कुणाला झाली?"

"ह्यांनाच की," असं म्हणून मामांनी हुजूरला दोन्ही हातांनी उचलून त्यांच्यापुढं धरलं.

सासूबाई हसत हसत ओट्याच्या खांबाला टेकल्या. मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांना खात्री करून घ्यायची होती. त्यांनी मामांच्या डाव्या कानाशी जाऊन प्रश्न पुन्हा विचारला. "हां, पोरगं व्हय," मामा म्हणाले. "पोरगं लई गुणाचं. मांजराचं उष्टं खातंय, पर कधी तक्रार न्हाई." लग्न जमलं ते या शिफारशीवर.

लग्नानंतर वर्षभरात माझी बदली नांदेडला झाली. मामांचे गुडघे थकत चालले होते, मुलगा पुण्याला चला म्हणून मागं लागला होता आणि मामा दर खेपेला काहीतरी कारण काढत होते. ते कारण कुठं बसलं आहे, हे मुलालाही ठाऊक होतं, कारण सुनेला मांजराच्या केसांनी दमा व्हायचा. एक दिवस काहीही न कळवता मामा एसटीनं नांदेडला आमच्या दारात उतरले. हातात झाकणाची वेताची टोपली, आत हुजूर, सगळ्या प्रवासाचा राग डोळ्यांत घेऊन. "हुजूरना बसवून जातो," म्हणाले. बसवायला आठ दिवस लागले. आठही दिवस त्यांनी माझ्या बायकोला मांजराचे तोटे समजावून दिले: कुठल्या बाजूला निजते, दूध किती कोमट लागतं, रागावली की कुठं जाऊन बसते. हे सगळं तोट्यांतच मोडत होतं. निघायच्या दिवशी हुजूर उन्हात झोपली होती. मामांनी तिला उठवलं नाही. स्टँडवर गाडीत बसल्यावर खिडकीतून बायकोला म्हणाले, "पत्र टाकत जा, बाई. काय काय त्रास देतंय, ते लिहीत जा."

ही दर महिन्याला कार्ड लिहायची. पडदा फाडला, मेलीनं सायीवर हात मारला, पाहुण्यांच्या टोपीत जाऊन निजली. मामांचं पुण्याहून उलट टपाली उत्तर यायचं, "सांगितलं होतं," एवढ्याच मजकुराचं. असं तीन-साडेतीन वर्षं चाललं. मग एका हिवाळ्यात हुजूर इस्त्रीच्या कपड्यांच्या ढिगावर निजली ती उठली नाही. त्या महिन्यात आम्हांला काही लिहिता येईना, पुढच्या महिन्यातही नाही. शेवटी हिनं कार्ड घेतलं आणि बराच वेळ बसून चार ओळी लिहिल्या. पडदे नवे लावले आहेत. दूध सांडत नाही. कपड्यांवर केस नाहीत. बाकी तक्रार काही नाही.

या खेपेला उत्तर उलट टपाली आलं नाही. आलं तेव्हा मजकूर नेहमीपेक्षा लांब होता. "पत्र पावलं. समजलो. वय झालंच होतं. शेवटी त्यांना त्रास झाला का, तेवढं कळव."

हिनं त्याच दुपारी कार्ड लिहून माझ्याकडं टाकायला दिलं. एवढ्या वर्षांत ही हुजूरला मेली, अवदसा याखेरीज बोलली नव्हती. कार्डावर लिहिलं होतं, "नाही मामा. झोपेतच गेल्या."