दहा वर्षं चालणारी मशीन

पेसमेकर विकताना मी नाटक करतो, हे कबूल. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवर वीस वर्षं गाडी हाकल्यावर माणसाने तेवढी हौस करावी. डॉक्टर शस्त्रक्रियेचं सांगून गेले की घाबरलेल्या घरच्यांसमोर मी खिशातून नमुन्याची मशीन काढायचो. तळहातावर ठेवायचो, जरा थांबायचो, आणि आवाज खाली आणून म्हणायचो, "माणूस थकेल, ही थकणार नाही. दहा वर्षं!"

सावली तालुक्यातल्या एका धान पिकवणाऱ्या म्हाताऱ्याने ती हातात तोलून पाहिली होती. "एवढीशी? आमच्या कोंबडीचं अंडं याच्याऊन मोठं रायते." त्याची बायको पदराआड हसली. दुसऱ्या दिवशी तशीच एक मशीन त्याच्या छातीत बसली.

दोन वर्षांनी एका सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला.

"भाऊ, बाबा गेले. पण माय उचलू देऊन नाई राह्यली. तुमी या."

"मी येऊन काय करू?"

"माय म्हणते मशीन चालू हाये. दहा वर्षं थांबत नाई, असं तुमीच म्हटलं होतं म्हणते."

मी मशीन तपासायचा संच गाडीत टाकला आणि निघालो. वाटेत एकदाही गाणं लावलं नाही.

अंगणात तिरडी बांधून तयार होती. माणसं खाली मान घालून बसलेली. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी पहाटेच येऊन मृत्यू झाल्याचं सांगितलं होतं. आगीत पेसमेकर फुटतो, म्हणून अग्नी देण्याआधी तो काढावा लागतो. त्यासाठी ते थांबले होते, पण बाई नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून बसल्या होत्या.

"चालत्या मशीनले कापता कसे?" त्यांनी मलाच विचारलं.

मी छातीवर तारा चिकटवल्या, संचाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यावर ठरावीक अंतराने एक बारीक उभी रेघ उमटत होती. तिच्यामागे सपाट. पुन्हा रेघ. पुन्हा सपाट.

"पाहा, चालू हाये ना?"

"हो, बाई, चालू आहे." खोटं कसं बोलणार? "ही रेघ म्हणजे मशीनची हाक. बाबांचं काळीज चालत होतं तेव्हा प्रत्येक हाकेला ओ द्यायचं. त्याची रेघ हिच्यामागे यायची. आता येत नाही."

बाई पडद्याकडे पाहत राहिल्या. किती रेघा गेल्या, कोण जाणे. अंगणातली माणसंही दारात येऊन उभी राहिली.

"अजून कितीक वर्षं हाक मारन थे?"

"सात-आठ."

"मंग बंद करा, भाऊ. एकटी मशीन कायले आवाज देत राहीन?"

मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी संचाचं बटण दाबलं, आणि पडद्यावर नुसतं सपाट उरलं. बाईंनी छातीवरचा हात उचलला.

डॉक्टरांनी मशीन काढली, पुसून माझ्याकडे दिली. मी डबीत ठेवणार, तोच बाईंनी हात पुढे केला. तळहातावर घेऊन तोलली, म्हाताऱ्याने तोलली होती तशीच.

"खरंच, अंड्याऊन लहान हाये," त्या म्हणाल्या. ती मला परत दिली, आणि मुलाकडे वळल्या. "पाणी तापव. तुया बाबाले आंघोळ घालाची हाये."