मावशीचं बावखल उजव्या हाताला

ईस्टरनंतरच्या सोमवारी, दुपारी चार वाजता, वसईतल्या होळी गावात राहणाऱ्या माझ्या मित्रावर उघड उघड अन्याय झाला. त्याने बनवलेली वसई चोरीला गेली.

अख्खी वसई कशी चोरीला जाते? सांगतो. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. संगणकावर विमान उडवायचा एक खेळ आम्ही खेळायचो. त्यात मुंबईचा विमानतळ होता, धावपट्टीचे दिवेसुद्धा होते. पण उत्तरेला खाडी ओलांडली की नुसतं हिरवं पटांगण. किल्ला नाही, चर्च नाही, वाड्या नाहीत. म्हणजे आम्ही राहतच नव्हतो इथे! मित्र भडकला. सायकलवरून फिरून त्याने रस्ते मोजले, चर्चचे मनोरे मोजले आणि एकेक करून खेळात बसवले. टेकड्यांच्या उंच्या नाशिकच्या एका गृहस्थांनी पाठवल्या. त्यांचं तोंडही आम्ही पाहिलेलं नाही. बावखलं, म्हणजे वाड्यांतली गोड्या पाण्याची तळी, खेळात बसवायचं काम माझ्याकडे होतं. सगळं इंटरनेटवर फुकट ठेवलं. सोबतची चिठ्ठी माझी. मी तेव्हा बोळिंजला फ्लॅटमध्ये राहायचो आणि पाण्याचे टँकर मागणारी पत्रकं लिहायचो, त्यामुळे तीही तशीच उतरली: ‘घ्या, बदला, सुधारा, पुढे द्या. कुलूप लावाल तर खबरदार!’

लावलंच. त्या सोमवारी एका महाशयांनी तीच वसई स्वतःच्या नावाने टाकली. फाइल बंद, बदल करायला मनाई, आणि वर शेखी: ‘सर्व मोजमाप मी स्वतः केले.’

मित्र म्हणाला, “जाऊ दे रे. सिद्ध कसं करणार?”

“जाऊ दे काय जाऊ दे! पत्रक काढू!”

“कुठे वाटणार? विमानात?”

तेवढ्यात त्याची मावशी सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, घेऊन आली. पडद्यावर आमचीच वसई उघडी होती. ती डोळे बारीक करून बघत राहिली. “हे आपलं चर्च ना? मग माझं बावखल रस्त्यापलीकडे कोणी नेलं?”

“मावशी, तुम्हीच सांगितलंत, उजव्या हाताला,” मी म्हणालो.

“चर्चमधून निघालं की उजव्या हाताला! तू कुठून निघालास?”

“स्टेशनवरून.”

“बिल्डिंगवाला शेवटी! पाणी तिकडे, केळी इकडे. आता पाट काय विमानातून सोडू?”

होळीत रस्ता चर्चपासून सुरू होतो. आम्हा फ्लॅटवाल्यांचा स्टेशनपासून. मला हे ठाऊकच नव्हतं. मित्र पोट धरून हसत होता, आणि हसता हसता एकदम थांबला. त्याने महाशयांची कुलूपबंद वसई सुरू केली. विमान चर्चवरून नेलं. मावशीचं बावखल तिथेही रस्त्यापलीकडेच!

स्वतः मोजलं काय? मग माझी चूक तुमच्या हाताला कशी लागली, महाशय?

हाच प्रश्न मी सगळ्यांसमोर खेळणाऱ्यांच्या इंटरनेटवरच्या फोरमवर टाकला, मावशीच्या पाटासकट. लोकांनी त्यांना इतकं पिडलं की तिसऱ्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं: ‘चूक झाली. कुलूप काढतो.’ आमची चिठ्ठी आणि नाशिककरांचा उल्लेखही परत आला.

आणि पुढची गंमत ऐका. आम्ही बावखल हलवायला बसणार, तोवर नाशिकच्या गृहस्थांनी फोरमवर वाचून ते जागेवर नेऊन आम्हाला पाठवलंसुद्धा. मावशीला दाखवलं. ती म्हणाली, “बघ, नाशकात बसून कळलं. तुला सुकेळी खाऊन कळलं नाही.”

माझी चूक झाकून राहिली असती, तर आजही केळी तहानलेली असती. म्हणून आता तुम्हाला विचारतो. तुमच्या संगणकात काय कोंडून ठेवलंय? गावाचा नकाशा, विहिरींची यादी, कोणाच्या तरी मदतीने केलेलं मोजमाप? कुलूप काढा. ज्यांनी मोजलं त्यांची नावं लिहा. आणि त्यातली चूक आमच्या मावशीला काढू द्या. उद्या नाही, आज.