शिट्टी थांबल्यावर

वॉर्डात एकतीस वर्षं काढली सिस्टरांनी, पण पेशंटला सरळ भाषेत काही सांगितलं असेल तर शपथ. रक्तदाबवाल्याला म्हणायच्या, "बागेतली नळी अंगठ्याने दाबली की पाणी कसं उडतं? तसं चाललंय तुमच्या आत." मधुमेहाच्या बाईला सांगायच्या, की साखर बिचारी दाराबाहेर ताटकळत उभी आहे, किल्ली हरवलीय, आणि ही गोळी म्हणजे ती किल्ली. डॉक्टर दहा मिनिटं डोकं फोडून थकले की म्हणायचे, "सिस्टरना बोलवा." मग सिस्टर यायच्या, कमरेवर हात ठेवून एक दाखला द्यायच्या आणि पेशंट मुकाट्याने गोळी गिळायचा.

पुढे गुडघे बोलायला लागले. निवृत्तीला दोन वर्षं होती, म्हणून आरोग्य खात्याने त्यांना कचेरीत बसवलं. पंख्याखाली एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि काम काय, तर खात्याच्या पानावर रोज लोकांसाठी एक संदेश टाकायचा. आधीचा कारकून "नागरिकांनी योग्य ती दक्षता घ्यावी" असलं काहीतरी टाकायचा. ते अकरा जण वाचत, त्यातले नऊ कचेरीतलेच. सिस्टर आल्या आणि चित्र पालटलं.

त्यांची कामाची एक पद्धत होती, आणि ती नीट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातूनच झालं. संदेश आधी वहीत लिहायचा. मग झाडलोट करणाऱ्या मावशींना समोर बसवून एकदाच वाचून दाखवायचा. मावशींनी चहा प्यायचा आणि कप खाली ठेवला की तो संदेश आपल्या शब्दांत परत सांगायचा. मावशींच्या तोंडून जे वाक्य आलं नाही, त्यावर काट. "मावशींच्या लक्षात राहिलं नाही ते गावाच्या काय राहणार?" असं सिस्टर म्हणायच्या, आणि त्यात चूक काढायला कुणाला जागाच नव्हती.

तापाची साथ आली तेव्हा लोक जुन्या उरलेल्या गोळ्या फुटाण्यांसारख्या खात होते, आणि अंग जरा कोमट झालं की दवाखान्यात धाव घेत होते. सिस्टरांनी लिहिलं: "ताप हा चोर नाही. ताप म्हणजे रखवालदाराची शिट्टी. अंगात कुणी शिरलं की तो शिट्टी वाजवतो. उरल्यासुरल्या गोळ्या खाऊन त्याच्या तोंडावर हात ठेवू नका. पाणी प्या, आराम करा, त्याला त्याचं काम करू द्या. तीन दिवसांत शिट्टी थांबली नाही तर दवाखान्यात या." आणि शेवटी अजून एक वाक्य होतं: "ताप उतरल्यावरही दोन दिवस लक्ष ठेवा, पोटात दुखलं, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर लगेच या."

मावशींनी कप ठेवला आणि सगळं घडाघडा सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "आणि मग शिट्टी थांबली की झालं."

सिस्टर पेन वर धरून बसल्या. डासांमुळे येणाऱ्या या तापात माणूस ढासळतो तो बऱ्याचदा ताप उतरल्यावर, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी तशी माणसं हातात धरली होती. पण वाक्य त्या चित्रात बसेना. शिट्टी थांबल्यावर पुन्हा कसली भीती? एवढं सुबक जमून आलेलं शेपटी लावून बिघडवायचं? शेवटी पद्धत ती पद्धत म्हणत त्यांनी वाक्यावर काट मारली.

संदेश असा काही पसरला की विचारू नका. आठवड्यात दोन लाख लोकांनी तो पुढे पाठवला. कुणी त्याला चित्र जोडलं, कुणी जाडाभरडा आवाज आणि मागे संगीत. दवाखान्यातली विनाकारण गर्दी ओसरली, उरलेल्या गोळ्या कपाटात राहिल्या. साहेबांनी बैठकीत सिस्टरांचं नाव घेतलं. खोटं कशाला बोला, त्या दिवशी सिस्टर घरी जाताना आरशात दोनदा बघून गेल्या.

आणि मग एका सकाळी अकराच्या सुमाराला टेबलावरचा फोन वाजला. वहिनी होत्या, दादाची बायको.

"वन्सं, तुम्हाला कळवू नको म्हणाले होते हे. तीन दिवस ताप होता. पण आज पहाटे उतरला, म्हणून म्हटलं आता सांगायला हरकत नाही."

"उतरला म्हणजे कसा?"

"अंग अगदी गार आहे हो. खात मात्र काही नाहीत. पोटात कळ येते म्हणतात, दोनदा उलटी झाली. पण मनाने एकदम खूश आहेत. म्हणतात, रखवालदार गप्प झाला."

सिस्टरांनी पर्स उचलली, कॉम्प्युटर तसाच चालू ठेवला आणि दुखऱ्या गुडघ्यांनी दोन-दोन पायऱ्या एकदम उतरल्या.

हा दादा म्हणजे कोण? वडील गेल्यावर शिलाई मशीनवर घर ओढणारा, धाकट्या बहिणीला नर्सिंगला घालणारा शिंपी. सिस्टरांचा पहिला पांढरा गणवेश त्याने स्वतः शिवला होता, आणि बाही दोनदा उसवून पुन्हा लावली होती, कारण "छोटी हात वर करून सलाईन लावणार, तिला तिथे काचता कामा नये." सिस्टरांनी लग्न केलं नाही. त्यांना जगात आपलं म्हणावं असं ते एक घर होतं. टॅक्सीत त्या सारखी बोटं मोजत होत्या: ताप आला तो दिवस पहिला, मग दुसरा, तिसरा, आज चौथा. कितीही वेळा मोजलं तरी चौथाच येत होता, आणि समोरचा सिग्नल मेला हिरवा व्हायचं नाव घेत नव्हता.

दादा पुढच्या खोलीत मशीनशेजारी खुर्चीत बसला होता, अंगावर चादर. भिंतीवर, टेप आणि कात्रीच्या खिळ्याच्या बरोबर वर, सिस्टरांचा संदेश कागदावर छापून चार टाचण्यांनी लावला होता. गिऱ्हाईकांना दिसावा म्हणून.

"आली बघा छोटी," दादा म्हणाला. आवाज खोल गेला होता. "तुझ्या वहिनीने चुगली केली ना?"

सिस्टरांनी त्याचा हात धरला. नाडी बारीक, पळती. तळपाय धरला. खिळ्यावरची कात्री जशी सकाळी गार लागते तसा गार. दादा एका जागी स्वस्थ बसत नव्हता, पाय सारखे हलवत होता.

"लघवीला कधी गेला होतास?"

"काल दुपारी असेल. काय विचारतेस आल्या आल्या."

"दादा, ऊठ. दवाखान्यात जायचंय."

"कशाला? ताप नाही काही नाही." त्याने भिंतीकडे बोट केलं. "दवाखान्यात कधी यायचं? तीन दिवसांत शिट्टी थांबली नाही तर. थांबली का नाही? तू लिहिलंस तसं तंतोतंत केलं. एक गोळी घेतली नाही, तांब्याने पाणी प्यायलो. विचार हिला."

वहिनींनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं.

मग त्या भराभर बोलायला लागल्या. रक्तातल्या पेशी कमी होतात, रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, दाब पडतो, ताप उतरतो तेव्हाच धोका सुरू होतो, शंभरातल्या एवढ्यांना असं होतं. सगळं खरं होतं, पण दादाच्या डोळ्यांवर एकही शब्द उमटत नव्हता. त्या बोलत गेल्या आणि त्यांना वॉर्डातले सगळे डॉक्टर आठवले. बिचारे दहा मिनिटं असेच बोलत असणार.

"मी त्यात एक वाक्य खोडलंय, दादा. शेवटचं. हेच वाक्य होतं ते."

"खोडलंस म्हणजे नको असेल," दादा समजुतीने म्हणाला. "उगाच भावाच्या काळजीने घाबरतेस. लोकांना एक सांगायचं आणि घरच्यांना दुसरं, असं कधी केलं नाहीस तू."

त्याने डोळे मिटले. घड्याळात बारा वाजायला आले होते. सिस्टरांना वाटलं, ओरडावं, तो कागद टराटरा फाडावा, शेजाऱ्यांना बोलावून खुर्चीसकट उचलावं. त्यांना भीती वाटत होती, साधी, पोरीला वाटते तशी. त्या स्टुलावर टेकल्या आणि त्याचे दोन्ही पाय मांडीवर घेतले.

"दादा, शिट्टी का थांबते?"

"चोर पळाला की."

"अजून कशाने थांबते?"

दादाने चादर वर ओढली.

"चोराने रखवालदाराला आडवा पाडला," सिस्टर म्हणाल्या, "तरीही थांबते."

दादाने डोळे उघडले. त्याने बहिणीकडे बघितलं, मग भिंतीवरच्या कागदाकडे, मग मांडीवरच्या आपल्या पायांकडे. वहिनींनी कधीच चपला घातल्या होत्या.

"हे का नाही लिहिलंस मग?" त्याने विचारलं.

सिस्टरांनी त्याचे पाय हलकेच खाली ठेवले. दादाने उठायला हात पुढे केला.

दवाखान्यात त्याच्या हिरड्यांतून रक्त आलं. डॉक्टर तरुण होता, सिस्टरांना ओळखत होता, म्हणून खोटा धीर देत नव्हता. "अठ्ठेचाळीस तास जाऊ देत," एवढंच म्हणाला. ते अठ्ठेचाळीस तास सिस्टर बाहेरच्या बाकावर बसल्या. सलाईनचे थेंब काचेतून मोजायच्या, आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मध्ये साहेबांना फोन करून त्यांनी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "तो संदेश काढा."

"आपल्या पानावरून आत्ता काढतो," साहेब म्हणाले. ते तसे सरळ गृहस्थ. "पण सिस्टर, लोकांच्या फोनमधून कसा काढणार? तो आता आपल्या हातात आहे कुठे?"

सिस्टरांनी बाकावर बसूनच नवा संदेश लिहिला. रखवालदार आडवा पडल्याचा, गार पायांचा. मावशींना वाचून दाखवायला वेळ नव्हता. दर अर्ध्या तासाने त्या फोन बघायच्या: चाळीस जणांनी वाचला, मग दोनशे दहा, मग तीनशे चाळीस, आणि आकडा तिथेच बसून राहिला. जुना मात्र त्या बसल्या असताना त्यांच्याच फोनवर तीन वेळा आला, एकदा संगीतासकट.

तिसऱ्या दिवशी दुपारी दादाने चष्मा मागितला. दाब जागेवर आला होता, लघवी झाली होती, डॉक्टर पहिल्यांदा हसला. सिस्टर खाटेजवळ जाऊन उभ्या राहिल्या. रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते जमलं नाही.

"पुरे गं," दादा म्हणाला. मग छताकडे बघत, "दुसऱ्या कुणी लिहिलं असतं ना, तर दुकानात बसून मी त्याला नावं ठेवली असती. तू लिहिलंस म्हणून गप्प बसलो."

तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

सिस्टर पाणी आणायला म्हणून खाली आल्या. बाह्यरुग्ण विभागात रांगेत खुर्च्या, तपासणीच्या खोलीवर लाल आकडा बदलत होता. दारापाशी एक माणूस बायकोच्या कपाळावर हात ठेवून उभा होता. बायको भिंतीला टेकली होती, हातात नंबराची चिठ्ठी.

"अगं, अंग गार पडलंय बघ तुझं. थांबली शिट्टी. उगाच दोन तास बसण्यापेक्षा घरी जाऊन पड."

सिस्टरांच्या हातातली बाटली तशीच राहिली. त्या पुढे झाल्या. "जाऊ नका. तो रखवालदाराचा संदेश पुरा नाही. शेवटचं वाक्य राहिलंय त्यात."

"तुम्हाला काय माहीत?"

"मीच लिहिलाय तो."

माणसाचा चेहरा उजळला. त्याने हात जोडले. "तुम्ही? अहो, आमच्या घरात लहान पोरांनासुद्धा पाठ आहे. काय समजावून सांगितलंय. आमची तर सगळी भीतीच गेली." आणि तो बायकोला म्हणाला, "बघ, खुद्द लिहिणाऱ्या भेटल्या. चल आता, निर्धास्त हो."

त्याने तिच्या हातातली चिठ्ठी घेतली आणि चुरगळली.

सिस्टर दारात आडव्या उभ्या राहिल्या. मग महिनोन्महिने न वाकलेले गुडघे वाकवून त्या बाईसमोर जमिनीवर बसल्या, तिच्या पायातली चप्पल काढली आणि पाऊल दोन्ही हातांत धरलं. पाऊल गार होतं.

"सिस्टर," त्यांनी मागे न बघता ड्युटीवरच्या मुलीला हाक मारली, "स्ट्रेचर आणा."